तांब्यावरचा मॅनेजर

माणसाला फुगवायला पगार लागत नाही, खुर्ची पुरते. हे मला नांदुऱ्याच्या जीनमध्ये कळलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा मी फिटर. हंगामात बारा-बारा तास काम चाले आणि जादा तासांचे दुप्पट दराने पैसे मिळत. त्याच पैशांवर लग्नानंतर मी गावात एक खोली घेतली होती. नाहीतर बायको देऊळघाटला माझ्या आईवडिलांकडे आणि मी जीनच्या आवारात, असा आमचा संसार.

हंगामाच्या सुरुवातीला शेठजींनी बोलावून हातावर पेढा ठेवला. "आजपासून तू मॅनेजर." पान्हा हातात होताच, वर ऑफिसात खुर्ची मिळाली आणि पगारात थोडी वाढ. मी इतका चढलो की शेठजींच्या मुलाच्या लग्नात पितळी तांब्याचा आहेर केला आणि रिवाजाप्रमाणे त्यावर नाव घालून घेतलं. कासार अक्षरामागे पैसे घ्यायचा. तरी नावाआधी 'मॅनेजर' कोरून घ्यायला मी मागेपुढे पाहिलं नाही.

महिना भरला तेव्हा पाकिटात जादा तासांचे पैसे नव्हते.

"मॅनेजरले कायचा ओव्हरटाइम बे?" शेठजी म्हणाले.

तास तेवढेच, पान्हा तोच. पगारातली वाढ गेलेल्या पैशांच्या पासंगालाही पुरत नव्हती. घरभाडं थकलं. तिसऱ्या महिन्यात बायकोने ट्रंक भरली आणि एसटीत नेता येणार नाही म्हणून पाटा-वरवंटा शेजारणीला देऊन टाकला. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"मले देऊळघाटले सोडून द्या," ती म्हणाली. "सुटी भेटली का येत जा तुमी."

त्याच आठवड्यात सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला आले. रजिस्टर चाळताना त्यांनी विचारलं, "या फिटरचे जादा तास कुठे लिहिलेत?"

"तो मॅनेजर हाय साहेब." शेठजींनी लगेच गडी घरी पिटाळला आणि तो तांब्या मागवून टेबलावर ठेवला. "पाहा. त्यानं सोताच लिवून देल्लं."

माझेच दात माझ्या घशात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी तांब्या फिरवून वाचला आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही कोणाला सुट्टी देऊ शकता का?"

शेठजी माझ्याकडे रोखून बघत होते. खरं बोललो तर नोकरी जाणार, हे दिसतच होतं. पण घरी दोरीने बांधलेली ट्रंक होती.

"नाही साहेब. मलाच मिळत नाही. मागच्या महिन्यात बायकोला दवाखान्यात नेलं, यायला पंधरा मिनिटं उशीर झाला. चौकीदाराने फाटक उघडलं नाही. अर्धा रोज कापला गेला."

साहेबांनी हजेरीपट काढायला लावला. माझ्या नावापुढे अर्धी हजेरी होती आणि खाली शेठजींची सही.

"कायदा हुद्दा बघत नाही, काम बघतो," साहेब म्हणाले. "ज्याला चौकीदार आत घेत नाही, त्याला मी मॅनेजर कसा म्हणू? याचे तिन्ही महिन्यांचे पैसे येत्या पगारात द्या."

शेठजी काही वाईट माणूस नव्हते, हिशेबी होते. हंगामात दुसरा फिटर कुठून आणणार? साहेब गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "खुर्ची राहू दे इथंच. हा तांब्याबी घेऊन जाय."

त्या खुर्चीइतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरं काही परत केलं नाही.

घरी बायको ट्रंकेवरच बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने तांब्या हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मंग आता मॅनेजर नाही का तुमी?"

"नाही."

"बरं झालं." ती उठली आणि ट्रंकेची दोरी सोडायला लागली. गाठ सुटेना, तेव्हा तिला रडू आलं. पदराने डोळे पुसत म्हणाली, "पाटा आणायले तुमीच चला. मले उचलत नाही."

शेजारणीकडून तो दगडी पाटा खांद्यावर घेऊन मी भर दुपारी गल्लीतून आलो. लोक बघत होते. वरवंटा घेऊन बायको मागून चालत होती, आणि मला पाट्याचं ओझं जाणवतच नव्हतं.