राळेगावचा स्वीडन

धर्मपाल नगराळेच्या नावावर एकही गोल नाही. हे तो स्वतःच आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची मजा उरत नाही. तो स्टॉपर होता. गोलच्या पुढ्यात उभं राहायचं आणि समोरून जे येईल ते परत पाठवायचं, मग तो बॉल असो की माणूस. राळेगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर रुईच्या गाठी ढकलणारा गडी तो. त्याला धडकून पडलेला फॉरवर्ड उठून आधी चड्डीची धूळ झटकायचा आणि मग आपण नेमकं कशाला धडकलो ते पाहायचा.

टीम जिनिंगची होती, आणि तिचे कपडे शिवायची वेळ आली तेव्हा रंगावरून चांगलीच जुंपली होती. धर्मपालच्या भीमनगरातले खेळाडू म्हणाले, निळा. बाकीचे म्हणाले, निळा सोडून काहीही. शेवटी बाबुलाल टेलरने तोडगा काढला. त्याच्याकडे भडक पिवळ्या कापडाचा एक तागा कधीचा पडून होता, तो खपवायची याहून चांगली संधी येणार नव्हती. वर पिवळा बनियन, खाली निळी चड्डी. सगळेच थोडे खूश झाले आणि सगळेच थोडे नाराज, आणि गावात याहून पक्का समझोता होत नाही. बाबुलालने वर छातीठोकपणे सांगितलं, की असले कपडे अख्ख्या जगात दुसऱ्या कोणाकडे नसतील.

मग दोन हजार दोन सालचा वर्ल्डकप आला. तो जपान-कोरियात, म्हणून आपल्याकडे मॅची भर दुपारी. पाऊस रुसलेला, बियाणं घरात येऊन पडलेलं, आणि माणसं पानठेल्यावरच्या टीव्हीसमोर. एका दुपारी टीव्हीवर एक टीम मैदानात उतरली आणि ठेल्यावर एकदम गलका झाला. वर पिवळा, खाली निळा.

"आपले कपडे चोरले बे त्याइनं!"

चारुदत्त सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांनी चष्मा वर करून सांगितलं, की हा स्वीडन देश आहे, उत्तरेकडे, तिकडे बर्फ पडतो. झालं. त्या दिवसापासून राळेगाव स्वीडनचं झालं. ज्यांनी आयुष्यात पांढरकवड्यापलीकडे एसटी पाहिली नव्हती, ते स्वीडनच्या मिडफिल्डची चिंता करू लागले.

धर्मपालचं लक्ष मात्र एकाच माणसाकडे होतं. स्वीडनचा एक उंच, शांत डिफेंडर. धावपळ नाही, आरडाओरडा नाही, जिथे बॉल येणार तिथे हा आधीच उभा. कॅमेरा त्याच्याकडे क्वचित वळायचा, आणि वळला की धर्मपाल ठेल्याच्या बाकावरून अर्धा उठायचा.

"सर, हा माणूस बाकीच्या दिवशी काय करते?" त्याने विचारलं.

"काही नाही. फुटबॉल खेळतो. त्याचाच पगार मिळतो त्याला."

"बॉल अडवाचा पगार?"

"हो. आज या क्लबकडे, उद्या त्या क्लबकडे. गावातला क्लब सोडून शहरातल्या क्लबात, मग दुसऱ्या देशात. यांचे अर्धे खेळाडू परदेशातच खेळतात."

"अन् मग गाववाले रागावत नाई?"

"कशाला रागावतील? टीव्हीवर बघतात आणि टाळ्या वाजवतात."

पुढे स्वीडन जादा वेळेत हरला. राळेगावात त्या दिवशी दोघा-तिघांनी जेवण टाकलं, आणि धर्मपालला मात्र नाव चिकटलं ते कायमचं. स्वीडन.

आता बाबूसिंग राठोड. जवळच्या तांड्यावरचा, जिनिंगमध्येच कामाला, आणि टीमचा गोलकीपर. धर्मपाल पुढे, बाबूसिंग त्याच्या मागे, अशी या दोघांची सगळी जवानी गेली. त्यांचा कारभार दोन शब्दांवर चालायचा. बॉल हवेतून आला की मागून बाबूसिंग ओरडणार, "घे!" किंवा "सोड!" घे म्हटलं की धर्मपालने डोकं घालायचं. सोड म्हटलं की मान खाली घालून बाजूला व्हायचं. मागे वळून बघायचं नाही. मागे बघणारा स्टॉपर कामाचा नाही, असं धर्मपालचं ठाम मत होतं. धर्मपालची बायको सत्यशीला म्हणायची, "माह्यं समोर उभं राहून सांगितलेलं ऐकत नाई, अन् बाबूभाऊचं पाठमोरं ऐकते." ते खरंच होतं. माणसाचा माणसावर इतका विश्वास असणं ही गमतीची गोष्ट नाही, पण ते दोघे गमतीतच जगत होते.

त्या वर्षांत कापसाचं काय झालं ते यवतमाळ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. जिनिंगच्या फाटकापुढे बैलगाड्यांची जी रांग लागायची ती आखडत आखडत एका हंगामात नाहीशीच झाली. मालकाने यंत्रं बंद केली, सगळ्यांना घरी पाठवलं आणि फाटकावर चौकीदार म्हणून बाबूसिंगला ठेवलं. गोलकीपरला राखण्याचीच नोकरी मिळाली, एवढंच त्यातलं हसण्यासारखं. धर्मपाल मिळेल त्या रोजंदारीला जाऊ लागला.

आणि एक दिवस वणीहून नीळकंठराव आले. तिकडच्या एका कोळसा वाहतूक ठेकेदाराच्या ऑफिसात ते हिशेब बघायचे. किडमिडीत देह, जाड भिंगं, पोटात अल्सर आणि डोक्यात फुटबॉल. ठेकेदाराची टीम त्यांनीच उभी केलेली. त्यांनी धर्मपालला ओसरीत बसून स्वच्छ सांगितलं, "नगराळे, वजनकाट्यावर नोकरी देतो. दर महिन्याला पगार. आणि आमच्याकडून स्टॉपर म्हणून खेळायचं."

धर्मपालच्या डोळ्यांपुढे तो स्वीडनचा शांत माणूस आला. त्याने हो म्हटलं. राळेगावच्या इतिहासातला हा पहिला आणि आजवरचा शेवटचा ट्रान्सफर.

बंद जिनिंगच्या फाटकाशी जाऊन त्याने बाबूसिंगला सांगितलं. बाबूसिंग स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. तो मळतच राहिला.

"तिकडे स्वीडनमंधी लोक क्लब बदलते अन् गाववाले टाळ्या वाजवते," धर्मपाल म्हणाला.

बाबूसिंगने तंबाखू दाढेखाली ठेवली. "मंग स्वीडनले जा ना बे. वणीले काहून जाऊन राह्यला?" तो म्हणाला, उठला, आणि आत जाऊन त्याने फाटक लावून घेतलं. पहारा आतून द्यायचा असतो का, हे विचारायला बाहेर कोणी नव्हतं.

त्यानंतर अबोला. अबोला धरावा तर बाबूसिंगने. सणाला धर्मपाल राळेगावला आला की बाबूसिंग रस्ता बदलायचा. पानठेल्यावर गाठ पडलीच तर पानवाल्याला सांगायचा, "त्याले सांग, त्याचा पाय माह्या चपलेवर हाय." दिवाळीनंतर बाबूसिंगची आई गेली. धर्मपाल वणीहून मातीला आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. बाबूसिंगने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्या दिवशी परतीच्या एसटीत धर्मपालला जे रडू आलं, ते त्या म्हातारीसाठी किती आणि बाबूसिंगसाठी किती, हे त्यालाच कळलं नाही. पगार वेळेवर मिळत होता, खोली पक्की होती, सत्यशीलेला आता दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जावं लागत नव्हतं. पण वणीच्या गोलकीपरने "सोड" म्हटलं की धर्मपाल हटकून मागे वळून बघायचा. त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटची वेचणी होऊन कापसाची उलंगवाडी झाली, वावरं मोकळी झाली, आणि मुकुटबनला टुर्नामेंट भरली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात चुन्याच्या रेघा, एका बाजूला मंडप, मंडपात शिल्ड. राळेगावची टीम अजून जिवंत होती. जिनिंग गेलं तरी पिवळे बनियन होते, आता धुऊन धुऊन हळदीचे डाग पडल्यासारखे. आणि सेमीफायनलला समोर आली ती वणीची टीम, नव्याकोऱ्या लाल जर्सीतली. लाल जर्सीत धर्मपाल. पलीकडच्या गोलमध्ये बाबूसिंग.

"स्वीडन, देश बदलला काय बे?" राळेगावच्या पब्लिकने सुरुवातीलाच विचारून घेतलं. धर्मपाल हसला. हसण्यावाचून करणार काय?

मॅच चांगलीच रंगली. इकडे धर्मपाल काही जाऊ देईना, तिकडे बाबूसिंग काही सुटू देईना. वेळ संपत आली आणि वणीला कॉर्नर मिळाला. नीळकंठरावांनी रेघेबाहेरून छत्री हलवत सगळ्यांना पुढे पिटाळलं. "नगराळे, तुम्हीसुद्धा! उंची कशासाठी दिलीय देवाने?"

धर्मपाल आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या गोलसमोर जाऊन उभा राहिला. उभा कसा राहिला, तर सवयीने, गोलकडे पाठ करून. बॉल उडाला. सगळ्यांच्या डोक्यावरून तरंगत तो थेट त्याच्याकडेच येऊ लागला. मान जराशी तिरपी केली असती तरी गोल होता. अख्ख्या जिंदगीतला एक गोल, आयता, ताटात वाढलेला.

आणि मागून आवाज आला, "सोड, धर्मा! माहा!"

धर्मपालने मान खाली घातली.

बॉल त्याच्या केसांवरून गेला आणि बाबूसिंगच्या पोटात जाऊन विसावला. मैदानात जे हसू फुटलं, ते रेफ्रीलाही आवरेना. शिट्टी तोंडात धरून तो हसत होता, त्यामुळे शिट्टी आपली फुरफुर वाजत होती. लाल जर्सीवाले डोक्याला हात लावून उभे. मधोमध धर्मपाल, वळून बाबूसिंगकडे बघणारा. गोल हुकल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तो बोलला. वर्ष उलटून गेलं, आणि तो बोलला.

बाबूसिंगही बॉल पोटाशी धरून थिजला होता. मग त्याने आपल्या एका बॅकला मोठ्याने सांगितलं, "त्याले सांग, म्या नाई बोल्लो. गोलकीपर बोलला."

टायब्रेकर झाला आणि राळेगाव जिंकलं, फायनल पुढच्या आठवड्यात होती. ते ठीकच. पण मंडपामागे नीळकंठरावांनी धर्मपालला गाठलं. रागाने त्यांनी छत्रीचं टोक त्याच्या छातीवर टेकवलं.

"खरं सांगा नगराळे. किती घेतले राळेगावकडून?"

धर्मपाल काय सांगणार होता? हाक ऐकू आली म्हणून सोडला? नोकरी देणाऱ्या माणसाला असलं कारण सांगता येत नाही. आजूबाजूला माणसं जमली. लाल जर्सीवाल्यांपैकी कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. नोकरी गेली, असं त्याने मनात धरूनही टाकलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत बाबूसिंग पुढे आला.

"साहेब, याले पैशे खायची अक्कल असती तर हा तुमच्या कोळशात कायले आला असता? जिनिंगमंधी असताना याच्या खिशात कोणाची चिमूटभर रुई नाई सापडली. म्या सोड म्हणलं का हा सोडते. विहिरीच्या काठावर उभं राहून म्हणलं तरी सोडीन. म्याच चुकलो. याची पाठ दिसली अन् तोंडातून निंगून गेलं. काढाचं असंन तर माह्यं नाव काढा, याले काही बोलू नका. माह्या भावासारखा हाय तो."

मग आपण सगळ्या गावासमोर काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो एकदम दुपट्ट्याने तोंड पुसायला लागला. धर्मपालने लाल जर्सीचं टोक डोळ्यांना लावलं.

नीळकंठरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या.

"नगराळे, परवा वजनकाट्यावर वेळेवर या," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी यांच्याशी खेळताना कानात कापूस घाला. त्याला तरी तुमच्या राळेगावात तोटा नसावा."

वणीची टीम ठेकेदाराच्या टेम्पोत बसून निघून गेली. धर्मपाल म्हणाला, मी एसटीने येतो. बाबूसिंग त्याच्याबरोबर स्टँडकडे चालू लागला आणि बोलू लागला. वर्षभराचं तुंबलेलं सगळंच बाहेर येऊ लागलं. म्हैस व्यायली ती. जिनिंगच्या पत्र्यावर माकडं आली ती. नव्या स्टॉपरला उजवा-डावा कळत नाही तो. एसटी आली. बाबूसिंगने बोलणं न तोडता खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरली, धर्मपालला आत ढकललं, कंडक्टरला दोन बोटं दाखवून तिकिटं काढली, आणि पुन्हा सुरू झाला.

झरी जामणीचं जंगल मागे पडल्यावर त्याचा आवाज उतरला.

"याडीच्या मातीले आलता तू. म्या पाह्यलं." आईला तो याडीच म्हणायचा.

"बोल्ला नाईस मंग."

"बोल्लो असतो तर तुह्या गळ्यात पडून रडलो असतो बे. सारे पावणे होते."

धर्मपालने त्याच्या मांडीवर हात ठेवला. मग बाबूसिंग पुन्हा बोलू लागला, पोरीच्या सोयरिकीचं, तांड्यावरच्या भांडणाचं, कशाचंही. एसटी स्टँडात शिरली. धर्मपालने सहज बाहेर पाहिलं. पाटी पांढरकवड्याची होती, राळेगावच्या वाटेवरची.

तो ताडकन उठला. "अबे, ही एसटी वणीची नाई! मले तं वणीले जायाचं होतं! सत्यशीला वाट पाहून राह्यली असंन."

"स्टँडवरून फोन कर तिले. उद्या सुट्टीच हाय तुले, साहेबच परवा ये म्हणला," बाबूसिंग म्हणाला. तो जागचा हलला नव्हता. "मुकुटबनलेच वणीची गाडी पलीकडे उभी होती, मले दिसलती. म्हणून तं बोलता बोलता मंधात थांबलो नाई. थांबलो असतो तर तू उतरून गेला असता."