आईच्या खाटेजवळची परीक्षा

आईच्या काळजाचा आजार मला एका परीक्षेत कळला. परीक्षा माझी नव्हती. वॉर्डात पहिल्याच वर्षी आलेल्या डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांची होती.

आम्ही लोहगडवाडीचे. हंडा घेऊन चढ चढताना आईला धाप लागू लागली, मग पाय सुजले. मी घरातला पहिला बी.ए., देहूरोडच्या डेपोत कारकून. रजा काढून तिला पुण्याच्या इस्पितळात आणलं. आठ दिवस तपासण्या झाल्या, पण आजाराचं नाव कुणी सांगेना.

नवव्या दिवशी मोठे डॉक्टर परीक्षा घ्यायला आले. "माजा ल्योक हितं नसंल तर मी कुनाला हात लावू द्यायची न्हाई," असं आईने नर्सबाईंना बजावलं होतं, म्हणून मला उभं राहू दिलं.

एक विद्यार्थी आला. गार हात त्याने आधी चोळून ऊन केले. त्याने मराठीत विचारलेली माहिती मी मोठ्या ऐटीत इंग्रजीत दिली. नाडी पाहून, छातीला नळी लावून तो म्हणाला, "मायट्रल स्टेनोसिस." म्हणजे हृदयातली एक झडप आकसून रक्ताची वाट अरुंद होणे. सरांनी मान डोलावली.

"किती दिवस काढील?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

तो गप्प. आईला वाटलं, पोरगं अडलं. "डाव्या कुशीवर वळीव की रं मला," ती हळूच म्हणाली, "समदे तसंच ऐकत्यात."

सरांनी पुन्हा विचारलं.

"सर," तो खाली बघत म्हणाला, "यांच्या मुलाला इंग्रजी येतं."

सर पुढच्या खाटेकडे वळले. मला उत्तर मिळालं होतं.

"पास झालं का रं ते?" आईने विचारलं.

"झाला."

"बरं झालं. त्याची आय वाट बगत आसंल."

इलाजाची वेळ टळून गेली होती, म्हणून तिला घरी आणलं. थेंबांचं औषध, बिनमिठाचं जेवण. उद्या सांगू म्हणत मी दीड महिना काढला. एक दिवस ती म्हणाली, "तूबी त्या पोरावानी गप झालास की रं."

मग मी सगळं सांगितलं. "मंग आता मिठाचं पिठलं तरी खाऊ घाल," ती म्हणाली.

मी घातलं. त्यानंतर ती सहा दिवस होती. आम्ही जन्मात बोललो नव्हतो इतकं बोललो. तुमच्यावर अशी वेळ आली तर दीड महिना थांबू नका. ते सहा दिवस मिळाले, यासाठी मी आजही हात जोडतो.