आत्याची करंगळी

वहिनी गेली तेव्हा आत्या शिवणाच्या दुकानात कामाला होती. ‘मुलं जरा सावरेपर्यंत’ म्हणून ती भावाकडे राहायला आली आणि तिच्या मशीनवर झाकण पडलं ते पडलंच. भाची गरीब होती, भाचा तापट. एकदा त्यानं रागानं दार आपटलं, त्यात आत्याची करंगळी सापडली. हाड वाकडं जुळलं ते कायमचं.

पुढे भावानं दफनभूमीच्या जुन्या भागात, नामांकित घराण्यांच्या रांगेत, बायकोचं स्मारक करायला घेतलं. खुर्चीत बसलेली आई आणि गुडघ्यांना बिलगलेली दोन मुलं. वहिनीचा फोटो होता तो चेहऱ्यापुरताच. बाकी अंगासाठी वहिनीची शाल पांघरून आत्याला शिल्पकारासमोर बसवलं. दुसऱ्या कुणाजवळ ती मुलं टिकलीही नसती. तिनं करंगळी शालीखाली लपवली, तर शिल्पकार खेकसला, “बाई, हात जसा आहे तसा राहू द्या!”

तेव्हापासून दर रविवारी आत्या बादली आणि मऊ ब्रश घेऊन जायची, दगडावरचं शेवाळ काढायची. जुनी दफनभूमी बघायला आलेले लोक त्या हातांचे फोटो काढत. “आईचेच हात हो,” म्हणत एखादी बाई डोळे पुसायची. आत्या खाली वाकून घासत राहायची.

मग भाऊ गेला. स्मारकाखालची शिळा उघडली, तेव्हा आत्यानं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं.

“मलाही इथेच ठेवा रे. भावाच्या पायाशी चालेल.”

भाच्यानं मान वळवली. “आत दोनच जागा उरल्यात, आत्या. एक माझी, एक हिची.” त्यानं शेजारी उभ्या बायकोकडे बोट केलं.

“ही तर रोज टेनिस खेळते!”

“तरी आधी ठरवावं लागतं ना. तुला नव्या भागात बघू. छान झाडाखाली.”

“मला तिथे ऊन लागणार आहे होय रे?”

भाचेसून फिसकन हसली. आत्या विनोद करत नव्हती.

भावाचं नाव कोरायला कारागीर आला, तेव्हा भाच्यानं डागडुजीही उरकून घेतली. रविवारी आत्या बादली घेऊन पोचली, तर नवरा-बायको स्मारकासमोर उभी.

“बघ, कसं उजळलंय! आणि आईची करंगळी वाकडी होती, तीही सरळ करून घेतली. शिल्पकाराची चूक. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कशी आली नाही, देव जाणे.”

करंगळी आता शेजारच्या बोटाला लागून अगदी सुबक बसली होती. नवी भर तेवढी पांढरी दिसत होती. आत्यानं आपला हात कोटाच्या खिशात घातला.

“दार...” ती म्हणाली.

“कसलं दार?”

“काही नाही.”

तिनं ब्रश भाचेसुनेच्या हातात दिला. “घे. यापुढे तुझ्या सासूला तू धू.”

“आणि तुम्ही, आत्या?”

“माझं कोण आहे इथे?”

बादली मात्र ती घरी घेऊन गेली. ती तिची स्वतःची होती.