होमात गेलेलं बेडं

आमच्याकडे शिमग्याला होमासाठी लाकडं चोरतात. ज्याचं जातं त्याने पोटभर शिव्या द्याव्यात, पण तक्रार करू नये, असा रिवाज. त्या वर्षी माझ्या सतरा वर्षांच्या दादाने आणि त्याच्या टोळक्याने शेजारच्या काकींच्या बागेचं बेडं, म्हणजे दगडी कुंपणाच्या गडग्यातलं लाकडी फाटकच उचललं आणि होमात घातलं. वाट मोकळी झाल्यावर गुरं आत शिरली आणि काकींनी लावलेली आंब्याची बारा कोवळी कलमं बुंध्यापर्यंत खाऊन गेली.

काकी रिवाज मोडून थेट दापोलीला पोलिसांत गेल्या. फौजदारांनी खटला केला नाही. पोरांकडून नवं बेडं करून घेतलं आणि दादा म्होरक्या, म्हणून त्याचं मोपेडचं लायसन दोन महिने ठाण्यात ठेवून घेतलं. दादा मुकाट्याने देऊन आला. जळफळाट झाला तो माझा. मी दहावीला, परीक्षेचं केंद्र चार मैलांवर दापोलीला, आणि सकाळची एसटी आमच्या थांब्यावर थांबली तर नशीब. दादाच मला मोपेडवरून नेणार होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आमचे वडील, अण्णा, शाळामास्तर. त्यांनी शब्द टाकला असता तर फौजदार नाही म्हणाले नसते.

"दोन महिने म्हणजे दोन महिने," एवढंच ते बोलले.

पहिल्या पेपरला एसटी भरून आली आणि न थांबताच गेली. दादा माझं पॅड घेऊन सोबत चालला, खाली मान घालून. पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. माझा निबंध अर्धाच राहिला.

परतताना मी तणतणत काकींच्या बागेत शिरले. त्या उरलेल्या खुंटांना पाणी घालत होत्या.

"तुमच्यामुळे चार मैल चालले मी! नापास झाले तर तेही तुमच्यामुळेच."

काकींनी घागर खाली ठेवली. यजमान मुंबईला नोकरीत, बागेत त्या एकट्याच. विहीर पार खाली, उताराच्या टोकाला.

"दोन वर्षं गो बाय," त्या शांतपणे म्हणाल्या, "रोज वीस खेपा, चढणीने. चालण्याचं मला नको सांगूस."

आणि घागर उचलून त्या पुन्हा पाण्याला निघाल्या.

मला लाज वाटली. राग मात्र पुरता गेला नाही. पुढच्या पेपरला दादा आणि मी तासभर आधी निघालो. एसटीची वाट पाहिली नाही.