सहलीतली म्हैस

उपसरपंचाच्या निवडीआधी आपल्या बाजूच्या सदस्यांना सहलीला नेण्याचं काम आमच्या भागात माझ्याकडे असतं. मी स्वतः कधी उभा राहिलो नाही. कोण कोणावर रुसलाय, कोण कशानं फुटेल, एवढं मला कळतं. सगळ्यांना गाडीत बसवायचं, फोन माझ्या पिशवीत ठेवायचे आणि मतदानाच्या सकाळी थेट ग्रामपंचायतीसमोर उतरवायचं.

गेल्या हिवाळ्यात फुलसावंगीजवळच्या एका गावाचे सदस्य घेऊन माहूरला गेलो होतो. बहुमत एका मताचंच होतं. मतदानाच्या आदल्या दुपारी पिशवीत एका सदस्य मावशींचा फोन वाजला. मी उचलला. त्यांचे यजमान होते.

"भाऊ, म्हैस कोणाले हात लावू देऊन नाही राह्यली. कास दगडावानी झाली. हिले सांगा."

"सांगतो," म्हणालो आणि सांगितलं नाही. मावशी गावात गेल्या की समोरचे त्यांना गाठणार, ही भीती.

जेवताना मावशीच म्हणाल्या, "माही म्हैस माह्याच हाताले दूध देते. पण काही असतं तं घरून फोन आला असता."

मी घास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"काहून लपवलं भाऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "माह्या मताचा भरोसा नव्हता का?"

मी हात धुतले, मावशींना बसवलं आणि गाडी काढली.

गोठ्यात समोरच्या बाजूचा माणूस बसलेला. तिकडे तो माझंच काम करतो. मला पाहून हसला. "या. म्हैस आणनच तुम्हाले, मले माहीत होतं."

"रिकामे बसले तं दावं धरा," मावशी त्याला म्हणाल्या.

त्यानं दावं धरलं, मी बादली दिली. धार लागल्यावर त्यानं सुरू केलं, "मावशी, उद्याचं..."

"गप बसा. पान्हा चोरते थे."

आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो. दूध निघत गेलं तशी म्हैस रवंथ करू लागली. निघताना मी मावशींचा फोन त्यांच्या हातात दिला. "आज घरीच राहा."

सकाळी सगळे आले, मावशी नाहीत. आमचा उमेदवार माझ्याकडे रागानं बघत होता. शेवटी पदराला हात पुसत त्या आल्या आणि आमच्या बाजूनं हात वर केला.

गुलाल उधळायच्या आधीच त्या निघाल्या. "म्हैस बुजते लाल रंगाले," म्हणाल्या.