मानपानाच्या शालूची जर

इस्त्रीखाली आज जरीचा काठ जरा करपला आणि त्या वासासरशी मला मध्यप्रांताच्या काळातले आमचे जबलपूरचे घर आठवले. ताईचा साखरपुडा होता. शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाबांनी मानपानाचा शालू विहीणबाईंच्या हाती दिला. त्यांनी शालूच्या पदरातला जरीचा एक धागा उपसून समईच्या ज्योतीशी नेला. खऱ्या जरीतली चांदीची तार पांढरी राहते, खोट्या जरीतली तांब्याची काळी पडते. तार काळी पडली असती, तर लग्नच मोडले असते.

“जर हा शब्द फारसी,” बाबा घाईने म्हणाले. “अर्थ सोने. जरतारी म्हणजे सोन्याच्या तारांचे.”

“अच्छा, मास्तरजी? मग पाहूनच घेऊ.”

धाग्यातले रेशीम करपू लागले. बाबांच्या कपाळावर घाम आला.

“काहून जाळून राहिल्या, काकू?” पाटावरून ताई म्हणाली. “तांबंच आहे. बाबांना खोटं बोलता येत नाही, म्हणून अर्थ सांगून राहिले.”

विहीणबाईंनी ताईकडे पाहिले आणि धागा मागे घेतला. “कुंकू आणा, मुलीला लावते,” त्या म्हणाल्या.

ताईने बाबांना चारचौघांत उघडे पाडले, म्हणून मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. आज वाटते, त्या खोलीत बाबांना वाचवणारी ती एकटीच होती.