पंगतीच्या या बाजूला

वाढप्यांकडे किस्से साठतातच. जेवणारा ताटाकडे बघतो, वाढणारा सगळ्यांकडे! गावातल्या प्रत्येक लग्नात वाढायचं काम गावच्या पोरांचं, आणि कळसाडीत ती पोरं म्हणजे आम्ही चौघं: भटू, युवराज, सुपडू आणि मी. वरण-बट्टीची पंगत बसली की आमच्या अंगात वारं शिरायचं.

*

भटूकडे तुपाची किटली. एकदा पंगतीत शहाद्याकडची एक मुलगी बसलेली. भटूचं लक्ष तिच्याकडे, किटलीची धार तिच्या वडिलांच्या मांडीवर! म्हातारा शांतपणे म्हणाला, "भाऊ, बट्टी ताटमा शे."

तीच मुलगी पुढे भटूची बायको झाली. सासरा अजूनही जेवायला बसला की आधी किटली स्वतःकडे ओढतो आणि सांगतो, "तूप मन्हं मी लिसू."

*

चाळिशी उलटली तरी युवराज बादली सोडेना. एका लग्नाला सकाळीच केस काळे करून आला. दुपारचं ऊन, त्यात वरणाची वाफ. पांढऱ्या शर्टवर काळे ओघळ उतरायला लागले. शेजारी पाणी वाढणारा कॉलेजचा पोरगा काळजीनं म्हणाला, "काका, तुमनी बादली गळी ऱ्हायनी."

युवराज आधी मागे वळून बघत होता, काका कोण ते! आम्ही पोट धरून हसलो.

*

आमच्याकडे लग्नात वडीलधाऱ्यांना टोपी-टॉवेल देऊन मान करतात. माइकवर नाव पुकारतात. एकदा पुकारा झाला, "सुपडू आबा, मांडवमा या."

सुपडू वांग्याच्या भाजीची बादली घेऊन उभा. हलेचना. त्याचे वडील थंडीत गेले होते, म्हणजे घरातला मोठा आता तोच. शेवटी लोकच त्याच्याकडे आले, तिथंच डोक्यावर टोपी ठेवली. कुणीतरी म्हणालं, "आबा, बादली तरी खाले ठेवा."

नंतर मला म्हणाला, "मले वाटनं, कोणी दुसराच आबा व्हई."

*

मग केटरर आले. हातमोजे, टोप्या, सगळ्यांचा एकसारखा शर्ट. परवा एका लग्नात माझे पाय सवयीनं आचाऱ्याच्या मांडवाकडे वळले. तिथल्या पोरानं अडवलं आणि अगदी आदरानं म्हणाला, "आबा, हात धुवाले तिकडे."

खरं सांगू? वय झाल्याचं काही नाही. गुडघे दुखतात, चष्मा लागतो, मुलं हुशार निघाली, सगळं छान आहे. फक्त एकदा तरी कुणीतरी खेकसून म्हणावं, "पळ रे पोरा, वरण आण." असं वाटतं. फार वाटतं. पण आता म्हणणार कोण?

*

या लगीनसराईत युवराजच्या पुतणीचं लग्न होतं. आम्ही चौघं मानानं पहिल्या पंगतीला. समोर दगाजी आबा, गावातले सर्वांत म्हातारे. त्यांना आता धड दिसत नाही, माणसं आवाजावरून ओळखतात, तीही निम्मी चुकतात.

भटू कशावरून तरी मोठ्यानं हसला. दगाजी आबांनी मान वर केली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले, "भट्या! बठी काय ऱ्हायनात रे पोरेस्वन? आठे बट्टी सरनी!"

केटररचा मुलगा बट्ट्यांचा ट्रे घेऊन येतच होता. युवराजनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. मी वरणाकडे पळालो, भटू तुपाकडे. सुपडूच्या तोंडात घास होता, तो तसाच उठला.

बट्टी ताटात पडली. आबांनी चाचपून बघितली आणि कुरकुरले, "किती येळ लाया रे."